साळवे बाईंचे तीन प्रश्न

टीव्हीवर कुठल्यातरी देशात कुठल्यातरी दूतावासासमोर जमाव जमल्याची बातमी लागली की माझा हात आजही फोनकडे जातो. अशा वेळी साळवे बाईंचा फोन ठरलेला असायचा. "वैशाली, लाव बरं टीव्ही. फाटकावर कोण उभंय, दिसतंय का गं तुला?" जमाव, घोषणा, जळणारे टायर सगळ्यांनाच दिसायचे. बाई मात्र फाटकावरचा माणूस शोधत बसायच्या. दूतावास आपला असो की दुसऱ्या कुणाचा, त्यांना फरक पडत नसे. एखादा गणवेशातला माणूस कडेला दिसला की म्हणायच्या, "हाय. हाय तिथं. घरी कुणीतरी असंल त्याच्या." आणि फोन ठेवून द्यायच्या.

जुन्या शहरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायच्या, मी विज्ञान. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. निर्मला साळवे हे नाव हजेरीपुरतं. मुख्याध्यापिकांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना साळवे बाईच म्हणत. बुटक्या होत्या, फळ्याच्या वरच्या ओळीसाठी टाचा उचलाव्या लागत, पण आवाज असा की खालच्या मजल्यावर माझ्या वर्गात मुलींना संसदेची दोन सभागृहं पाठ होऊन जायची. वर्गात त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. स्टाफरूमच्या उंबऱ्यावर पाऊल पडलं की लगेच त्यांच्या घराकडचं, पडेगावचं. आणि शाळेबाहेरच्या भाजीवाल्याशी तिसरीच भाषा: "क्या मामू, कल के टमाटे को आज का बोल रहे?" मामू हसून दोन टोमॅटो जास्त टाकायचा.

कुणी काही गाऱ्हाणं घेऊन आलं की त्या पूर्ण ऐकून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, "मंग? पुढं?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते कोरडं वाटलं होतं. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, मी रडत सगळं सांगितलं आणि या म्हणाल्या, "मंग? पुढं?" मला उत्तर द्यावंच लागलं, आणि उत्तर देता देता दुपारची बाई ठेवायची हे माझं मलाच सुचलं. त्या दिवशी घरी जाताना माझ्या पिशवीत त्यांनी न सांगता नान-खलियाचा, म्हणजे मटण आणि नानचा, डबा ठेवला होता. नान-खलिया फक्त आपल्याच शहरात मिळतो, बाकी ठिकाणी मिळतो तो रस्सा, असं त्यांचं ठाम मत होतं. दुसऱ्या गावचा खाऊन बघायलाही त्या तयार नव्हत्या.

याचा अर्थ बाई सगळ्या बाबतींत न्यायाधीशासारख्या वागत असं मुळीच नाही. क्रिकेटमध्ये तर त्या सरळसरळ पक्षपाती होत्या. आपला फलंदाज पायचीत झाला की म्हणायच्या, "बॅटीला लागलाय आधी." मी म्हणायचे, "बाई, रिप्ले दाखवला ना." त्यावर उत्तर यायचं, "रिप्ले दाखवणारे त्यांच्याच देशाचे हायत." डावखुऱ्या मुलींनाही त्या जरा जास्तच जीव लावायच्या, कारण त्यांची लेक अस्मिता डावखुरी होती.

शिकवण्यात त्यांची एक गोष्ट मला कधी जमली नाही. आम्ही बाकीचे शिक्षक प्रश्न विचारायचो आणि उत्तर आलं नाही की स्वतःच देऊन टाकायचो. तास संपवायचा असतो. बाई प्रश्न विचारून टेबलावर हात टेकून उभ्या राहायच्या आणि थांबायच्या. रागावून नाही, अगदी सहज, बस यायची असते तसं. शेवटी कुणीतरी उठायचंच.

बाईंचे यजमान मिलिंदराव केंद्रीय सुरक्षा दलात होते. निम्मा संसार त्यांनी सीमेवरून आणि फोनवरून केला. शेवटच्या काही वर्षांत त्यांची नेमणूक परदेशात, आपल्या एका दूतावासाच्या पहाऱ्यावर झाली. ही बढतीच होती, पगार बरा होता, घरात सगळे खुश होते. मोठ्या सुट्टीत त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा बाई फोन सगळ्या स्टाफरूमभर फिरवायच्या. "हे बघा, वैशाली आज बी भेंडीच खातीय." ते तिकडून हसायचे. मला म्हणायचे, "मॅडम, आमच्या मंडळींवर लक्ष ठेवा. वरून मीठ घेते, मला दिसत नाय असं वाटतं तिला."

त्या वर्षी त्या देशात वातावरण बिघडत चाललं होतं. फोनवरचं त्यांचं बोलणंही बदललं. मागची भिंत कंबरेइतकी आहे, कुणीही उडी मारून आत येईल, असं ते म्हणायचे. साहेबांनी दिल्लीला लिहिलंय, भिंत उंच करा आणि माणसं वाढवून द्या. पुन्हा लिहिलंय. बाई रोज विचारायच्या, "झाली का भिंत?" आणि ते म्हणायचे, "होईल." हा संवाद मी शेजारी बसून इतक्या वेळा ऐकला की एकदा मीच विचारलं, भिंतीचं काय झालं.

आणि मग ते झालं. जमाव मागच्या भिंतीवरून आत आला, इमारत पेटवली. मिलिंदरावांनी आणि तिथल्या एका स्थानिक पहारेकऱ्यानं मधला दरवाजा धरून ठेवला, तोवर आतली माणसं बाजूच्या गल्लीतून बाहेर पडली. ते दोघं मात्र बाहेर पडू शकले नाहीत.

बाई तेव्हा नववीच्या वर्गावर होत्या. मुख्याध्यापिकांनी मला त्यांना बोलवायला पाठवलं. मी दारात उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवला, मुलींना म्हणाल्या, "पुढचा परिच्छेद वाचून ठेवा," आणि बाहेर आल्या. जिन्यात माझा दंड धरून त्यांनी एवढंच विचारलं, "मागूनच आले ना?"

चिकलठाण्याच्या विमानतळावर पेटी आली त्या दिवशी अख्खी शाळा रस्त्याच्या कडेला उभी होती. तेव्हा सत्तेत असलेल्या पक्षाचे आमच्या शहरातले पुढारी होते डॉक्टरसाहेब. हाडांचे डॉक्टर, सभ्य माणूस. त्यांनी पुष्पचक्र वाहिलं, हात जोडले आणि गेले. त्यांच्या विरोधातल्या पक्षाचे पुढारी होते आप्पा. आप्पा पडेगावला बाईंच्या घरी आले, चपला काढून सतरंजीवर बसले आणि खरंच रडले. नाटक नव्हतं ते. मी तिथंच होते. "ताई," ते म्हणाले, "आजपासून मी तुमचा भाऊ. काय पायजे ते सांगा."

बाई म्हणाल्या, "मला फक्त तीन गोष्टी विचारायच्यात. भिंत मागितली होती. तिला नाय कुणी म्हणलं? का म्हणलं? आणि ते म्हणणारा आज कुठं बसलाय?"

हेच ते तीन प्रश्न. आप्पांनी त्यांना सभांना नेलं. जालना, बीड, परभणी, कुठं कुठं नेलं. बाई भाषण करायच्याच नाहीत. माइकसमोर उभं राहायचं, आमचे साळवे असे होते, असं झालं, म्हणून सांगायचं आणि तीन प्रश्न विचारून खाली यायचं. टाळ्या वाजल्या की त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा. पुढे पुढे प्रश्न विचारायला त्यांनी तोंड उघडलं की लोकच पूर्ण करायचे. आप्पांच्या पक्षानं फलक लावले, त्यावर मिलिंदरावांचा फोटो, खाली प्रश्न. एका फलकावर त्यांचं नाव 'मिलींद' असं लिहिलं होतं. बाईंनी तो उतरवून दुरुस्त करून घेतला.

डॉक्टरसाहेब टीव्हीवर म्हणाले की दुःखाचं राजकारण होतंय, अशा वेळी देशानं एक राहायचं असतं, प्रश्न विचारले की शत्रूला बळ मिळतं. त्यांच्या माणसांनी बाईंना पढवून पाठवतात असं बोलायला सुरुवात केली. घाणेरडे मेसेज आले. अस्मिता तेव्हा बारावीला होती. तिनं आईचा फोन काढून घेतला तर बाई म्हणाल्या, "दे इकडं. त्यांच्यात एखादा तरी उत्तर देईल."

निवडणूक झाली, सरकार बदललं, आप्पांचा पक्ष सत्तेत आला. आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला, हे सांगायलाच हवं. निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमला गेला. दिल्लीत सुनावण्या झाल्या, आधीच्या मंत्र्यांना, सचिवांना बोलावलं गेलं, रोज बातम्या यायच्या. बाईंनाही साक्षीला बोलावलं. तिथून आल्यावर मी विचारलं, कसं होतं? म्हणाल्या, "लई गार होतं आत. पण बसायला खुर्ची दिली मला. आणि ऐकलं." अहवाल आला. भिंतीची मागणी एका मोठ्या अधिकाऱ्यानं अनावश्यक म्हणून बाजूला ठेवली होती, ते उघड झालं. त्याच्यावर कारवाई झाली. त्या दिवशी बाईंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना नान-खलिया खाऊ घातला. स्वतःही पोटभर जेवल्या. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना तसं जेवताना पाहत होते. हात धुऊन आल्यावर म्हणाल्या, "साळवेंना सांगितलं सकाळी. फोटोसमोर. वेड्यासारखं वाटतं, पण सांगितलं."

इथं गोष्ट संपली असती तर मी हे लिहायला बसले नसते.

दोन-तीन वर्षं गेली. दुसऱ्याच एका देशात, आपल्या दुसऱ्या एका दूतावासावर हल्ला झाला. आतला स्वयंपाकी आणि फाटकावरचा जवान गेले. जवान हिमाचलातला होता. चार दिवसांत वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत आलं की तिथूनही जादा पहाऱ्याची मागणी गेली होती आणि मंजूर झाली नव्हती. आता सत्तेत आप्पांचा पक्ष होता. सरकारनं सांगितलं की खात्यांतर्गत चौकशी होईल, आयोगाची गरज नाही, आणि ही वेळ प्रश्न विचारायची नाही, देशानं एक राहायची आहे.

बाईंनी ते वाचलं. पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग मला म्हणाल्या, "हे डॉक्टरांचं वाक्य हाय ना गं? जसंच्या तसं?"

"हो."

"काना-मात्रा सुद्धा बदलला नाय."

त्या जवानाच्या बायकोचं नाव सरोज. मिलिंदरावांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून बाईंनी तिचा नंबर मिळवला आणि एका मोठ्या सुट्टीत, स्टाफरूमच्या खिडकीपाशी उभं राहून फोन लावला. बाईंची हिंदी म्हणजे अर्धी दख्खनी. "सरोज बेटा, मैं औरंगाबाद से बोलती. मेरा आदमी भी ऐसाच गया." शहराचं नाव बदललं तरी फोनवर त्यांच्या तोंडी जुनंच यायचं. पलीकडून काही आलं नाही. बाई थांबल्या. आम्ही सगळ्या डबे उघडून तशाच बसलो होतो. बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "नक्को बोलू. बोलना जरूरी नहीं. मैं हूँ इधर." आणि तशाच फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. पलीकडे एक बाई रडत असणार, कारण इकडे बाई मान हलवत होत्या, हूं, हूं म्हणत होत्या. घंटा झाली तेव्हा त्यांनी मला खुणेनं सांगितलं, माझा तास घे. मी सातवीला विज्ञानवाली असून पंचायत राज शिकवलं.

त्यानंतर रोज फोन व्हायचा. सरोजची मुलगी लहान होती. तिला ताप आला तर पडेगावात काळजी असायची.

काही दिवसांनी डॉक्टरसाहेब बाईंच्या घरी आले. आता ते विरोधात होते. मी त्या दिवशी पापड लाटायला गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं. डॉक्टर नेहमीसारखे नम्र. म्हणाले, "बाई, तुमचे ते तीन प्रश्न आज पुन्हा विचारायची वेळ आलीय. आम्ही मोठी सभा घेतोय. तुम्ही यावं."

बाईंनी चहा दिला. म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्या टायमाला तुम्ही काय म्हणला होता?"

डॉक्टर कपाकडे बघत राहिले. "त्या वेळी परिस्थिती वेगळी होती."

"सांगा ना, काय वेगळं होतं. मला खरंच समजून घ्यायचंय."

डॉक्टरांनी चहा संपवला, "येतो बाई," म्हणाले आणि उठले. दारापर्यंत सोडायला गेलेल्या बाई परत आल्या तेव्हा त्यांना हसू येत होतं. "भला माणूस हाय," म्हणाल्या, "खोटं बोलायला त्याला जमंना."

आप्पांचं बोलावणं आलं ते वेगळ्या कारणासाठी. नव्या हल्ल्यातल्या दोघांना श्रद्धांजली वाहण्याचा कार्यक्रम त्यांनी शहरात ठेवला होता. व्यासपीठावर ताईंनी असावं, एवढीच इच्छा. दोन शब्द बोलावेत, अशा प्रसंगी सगळ्यांनी सरकारच्या पाठीशी उभं राहावं असं काहीतरी.

अस्मिता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती पुण्याहून आली ती आईला अडवायलाच. "आई, तू जाऊन काय बोलणार ते मला माहितीय. नको बोलूस. आपल्याला उत्तर मिळालंय ना? या लोकांनीच मिळवून दिलं ना?"

"व्हय. मिळवून दिलं."

"मग आता त्यांच्याच विरोधात?"

"आपल्याला मिळालं म्हणून तर विचारायचं, बाळा. नसतं मिळालं तर वाटलं असतं, मिळतच नाय कुणाला."

अस्मिता रुसून आतल्या खोलीत गेली. पण दुसऱ्या दिवशी साडीला पिन तिनंच लावून दिली, आणि सभागृहात माझ्या शेजारी येऊन बसली.

सभागृह भरलं होतं. आप्पांनी बाईंची ओळख करून दिली. बाई माइकपाशी गेल्या. त्यांनी सरोजच्या नवऱ्याचं नाव घेतलं, त्याला सफरचंदाची बाग लावायची होती असं सांगितलं. स्वयंपाक्याचं नाव घेतलं. मग म्हणाल्या, "जादा पहारा मागितला होता. त्याला नाय कुणी म्हणलं? का म्हणलं? आणि ते म्हणणारा आज कुठं बसलाय?"

याच प्रश्नांवर याच लोकांनी गावोगाव टाळ्या वाजवल्या होत्या. आज एक टाळी नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, त्या वेळची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळं होतं?" बाईंनी विचारलं. आवाज चढवला नाही. "सांगा. मी थांबते."

आणि त्या खरोखरच थांबल्या. माइकच्या टेबलावर हात टेकून, वर्गात थांबायच्या तशा. पंखे फिरत होते. पहिल्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणी खोकलं. आप्पा मान खाली घालून बसले होते. माइक बंद करा असं एकानं हातानं सुचवलं, तेव्हा आप्पांनी त्याला हातानंच थांबवलं, हे मी पाहिलं. अस्मितानं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. कुणीच उठलं नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "बरं. उत्तर सापडलं तर घरी या सांगायला," आणि खाली उतरल्या.

त्या दिवसापासून आप्पांच्या पक्षाच्या लेखी बाई संपल्या. मिलिंदरावांच्या नावानं चौक करायचं ठरलं होतं, तो विषय मागे पडला. आमच्या संस्थेचे अध्यक्ष आप्पांचे जवळचे. बाईंचा त्या वर्षीचा सत्कार रद्द झाला. बाईंना त्याचं सुखच वाटलं. हारानं मान खाजते, म्हणाल्या. पण ज्यांच्या घरी त्या लग्नाकार्याला जायच्या त्यांनी बोलणं सोडलं, गल्लीतल्या बायका दार लावून घेऊ लागल्या, ते मात्र त्यांना लागलं. बोलल्या नाहीत. फक्त स्टाफरूममध्ये क्रिकेटवर भांडेनाशा झाल्या, तेव्हा मला कळलं.

इकडे डॉक्टरांच्या पक्षानं बाईंचा सभागृहातला व्हिडिओ सगळीकडे पाठवायला सुरुवात केली. बाई स्कूटीवर बसून थेट त्यांच्या कार्यालयात गेल्या. मला मागे बसवून नेलं. तिथल्या पोरांना म्हणाल्या, "माझी पहिल्या वेळची सभा बी हाय ना तुमच्याकडं? ज्यात मी तुमच्या साहेबांना विचारत होते? दोन्ही संगं लावा. नायतर एकबी नको." पोरं गोंधळली. डॉक्टरांना फोन गेला. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ उतरला. येताना बाई इतक्या हळू गाडी चालवत होत्या की सायकलवाले पुढे जात होते. म्हणाल्या, "वैशाली, आता दोन्हीकडून मोकळी झाले बघ मी." त्यांची पाठ हलत होती; हसत होत्या की रडत होत्या, मागून कळलं नाही.

मिलिंदरावांच्या स्मृतिदिनाला दर वर्षी आप्पा गाड्यांचा ताफा घेऊन यायचे. त्या वर्षी कुणी येईल असं वाटलं नव्हतं. बुद्धवंदना झाली, पाचपन्नास माणसांच्या जागी आम्ही मोजके होतो. जेवणं आवरत आली आणि आप्पा आले. एकटे, रिक्षानं. सतरंजीवर बसले. बाईंनी ताट वाढलं. अर्धं ताट संपल्यावर म्हणाले, "ताई, माझ्या हातात नाय ते. वरून ठरतं."

"माहितीय मला, आप्पा. डॉक्टरांच्या हातात तरी कुठं होतं? पण त्यांना मी सोडलं होतं का? तुम्हीच संगं होता की माझ्या."

आप्पांनी घास खाली ठेवला. बाईंनी त्यांच्या ताटात आणखी खलिया वाढला. "जेवा," म्हणाल्या. "रागानं नाय बोलले. भावाला विचारायचं नाय तर कुणाला विचारायचं?" आप्पा जेवले. जाताना त्यांनी मिलिंदरावांच्या फोटोला हात जोडले आणि बाईंच्या पाया पडले. बाई त्यांच्यापेक्षा लहान होत्या.

आयोग नेमला गेला नाही तो नाहीच. खात्याची चौकशी झाली म्हणतात. तिच्यात काय निघालं ते कुणालाच दाखवलं नाही. शेवटी सरोजनं तिच्या राज्याच्या हायकोर्टात अर्ज केला: चौकशीत काय निघालं ते आम्हाला कळू द्या, इतकंच मागणं. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. प्रत्येक तारखेला त्या इथून तिकडे जायच्या. अस्मिता म्हणायची, आई, तू तिथं काय करतेस? तुला तिथलं काही बोलायचंही नसतं. बाई म्हणायच्या, "बाकावर बसते तिच्या बाजूला. माझ्या टायमाला माझ्या बाजूला पाचशे माणसं होती. तिच्याजवळ एक तर पायजे."

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. पडेगावच्या घरात वंदनेला सरोज मुलीला घेऊन आली होती, तीन दिवसांचा प्रवास करून. डॉक्टर आले, आप्पा आले. जागा कमी होती, त्यामुळे दोघांना एकाच सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागलं. सगळं झाल्यावर आप्पा माझ्यापाशी आले. म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी त्या थांबल्या होत्या ना स्टेजवर. मी उठायला पायजे होतं." मी त्यांना पाणी दिलं.

निकाल त्यानंतर लागला. अहवाल कुटुंबांना द्यावा असा कोर्टानं आदेश दिला. सरोजचा मला फोन आला. जादा पहाऱ्याची मागणी आली होती, आणि नाही कुणी म्हटलं ते नाव त्यात आहे, ती म्हणाली. कारवाईचं काही नाही. पण नाव आहे. ते सांगून ती गप्प झाली. मग मीही फोन कानाला लावून तशीच बसून राहिले.

मला मात्र बाई आठवतात त्या त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातल्या. त्या सरोजच्या तारखेला निघाल्या होत्या आणि मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले होते. एप्रिलचं ऊन, प्लॅटफॉर्म तापलेला, आणि बाईंच्या अंगात जाड लोकरीचा हिरवा स्वेटर. सरोजच्या सासूनं विणून पाठवला होता. कपाळावरून घाम ओघळत होता. मी म्हटलं, काढा ना तो. "बॅगेत मावंना," त्या म्हणाल्या, "आणि म्हातारीनं इतका जीव लावून केलाय, तो काय हातात लोंबकळत न्यायचा?"

सचखंड एक्सप्रेस आली. आपल्या स्टेशनवर त्या गाडीला लंगर वाढतात. पगडीवाली माणसं बादल्या घेऊन डब्याडब्यापाशी पळत असतात आणि प्रवासी आतून डबे, ताटल्या पुढे करतात. बाई चढल्या, बॅग आत ढकलली आणि मला हात करायला म्हणून दारात आल्या. तेवढ्यात आतल्या एका म्हातारबाबांनी आपला डबा त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो खाली वाकून पुढे केला, डाळ घेतली, परत आत दिला. मग दुसऱ्या कुणाचा आला. मग तिसरा. "थोडी जादा डालो भय्या, अंदर बच्चे हैं," हे मला ऐकू आलं. मी हात वर करून उभी होते. गाडी हलली, वाढणारे दोन पावलं गाडीसोबत धावले, आणि बाई त्या हिरव्या स्वेटरमध्ये दाराच्या दांड्याला एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं कुणाचीतरी भरलेली ताटली सांडू न देता आत देत होत्या. माझ्याकडे बघायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.